योजनेच्या खिडकीतल्या शोभाताई

शोभाताई वायाळ कॉम्प्युटरवर टाइप करायला बसल्या, की दर ओळीच्या शेवटी त्यांचा डावा हात आपोआप वर उठायचा आणि हवेत काहीतरी जोरात उजवीकडे ढकलायचा. तिथं ढकलण्यासारखं काही नव्हतं. पण सव्वीस वर्षं त्यांनी चिखलीत टायपिंगचा क्लास चालवला होता आणि टाइपरायटरचा दांडा ढकलल्याशिवाय ओळ संपते, हे त्यांच्या हाताला मान्य नव्हतं. दवाखान्यात रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्या हातानं दोनदा पाण्याची बाटली आडवी केली आणि एकदा मोठ्या डॉक्टरांचा चष्मा उडवला. डॉक्टरांनी चष्मा उचलला, पुसला आणि म्हणाले, "वायाळ मॅडम, ब्रेक नाही का याला?" ताई स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाल्या, "सर, तुम्ही ओळीच्या मधात उभे होते."

मी त्याच दवाखान्यात औषधं देतो. माझी खिडकी आणि त्यांची खिडकी यांच्यामध्ये प्लायवूडची एक फळी, म्हणून तीन वर्षं मी त्यांना पाहण्यापेक्षा ऐकलंच जास्त. त्या कीबोर्ड बडवायच्या. खाट-खाट-खाट, आणि मग हात हवेत गेला की क्षणभर शांतता. वर्षभरात तीन कीबोर्ड मोडले. स्टोअरच्या बाबूनं चौथा देताना कुरकुर केली, तर ताई म्हणाल्या, "काऊन रे गजानन, तू माह्या क्लासमधी होता तेव्हा बोटं अशीच चोरायचा." गजाननबाबूनं मुकाट्यानं कीबोर्ड दिला. तालुक्यातले निम्मे कारकून त्यांच्याच हाताखालून गेलेले. पन्नाशीचे हेडक्लार्क त्या समोर आल्या की पाठ सरळ करून बसायचे.

टाइपरायटर गेले, क्लास बंद पडला, आणि सरकारची नवी आरोग्य विमा योजना आली तेव्हा कार्डं काढून द्यायला कंत्राटावर माणसं घेतली, त्यात ताई आल्या. वय त्रेपन्न, लग्न केलेलं नाही, भाऊ नागपूरला. त्यांचा एकच छंद होता, चूक पकडणं. दवाखान्याच्या नोटीस बोर्डावरचा प्रत्येक कागद त्या लाल पेनानं तपासायच्या. एकदा फाटकासमोर साहेबांच्या वाढदिवसाचं भलंमोठं बॅनर लागलं. साहेब म्हणजे आमच्या भागाचे त्या वेळचे नेते. बॅनरच्या खाली 'शुभेच्छूक' असं लिहिलेलं. ताईंनी माझ्याकडून स्टूल नेलं, वर चढल्या आणि मार्करनं दीर्घ ऊकार खोडून ऱ्हस्व केला. खालून कोणीतरी म्हणालं, "ताई, साहेबांचं बॅनर हाये ते." ताई म्हणाल्या, "म्हणून तर म्हनलं, चुकीचं नको."

योजनेची सुरुवात त्याच वाढदिवसाला व्हायची होती. वेबसाईट बनवणाऱ्या कंपनीचा इंजिनीअर आठवडाभर आधी येऊन गेला. तो बिचारा माझ्याच खिडकीशी डोकेदुखीची गोळी घेत म्हणाला होता, की साईट तयार नाही, अजून तीन महिने पाहिजेत. पण वाढदिवस तीन महिने पुढे सरकत नव्हता. कंपनी कोणाची हे कोणी बोलत नसे. साहेबांची सगळी कामं पाहणारा बंटीभाऊ मात्र चहा पिता पिता सहज म्हणायचा, "आपलीच हाये."

बाजार समितीच्या मैदानात मंडप पडला. साहेबांनी बटण दाबायचं, मागच्या पडद्यावर साईट उघडायची आणि ताईंनी लॅपटॉपवर पहिलं कार्ड काढून द्यायचं, असा बेत. साहेबांनी बटण दाबलं. पडद्यावर साईट उघडली, नावं पळाली, फुलं पडली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो आधीच तयार केलेला व्हिडिओ होता. साहेब माइक ताईंसमोर धरून म्हणाले, "झालं ना ताई? निघालं ना कार्ड?"

ताईंना कोणी सांगितलंच नव्हतं की विचारलं तर हो म्हणायचं असतं. त्या म्हणाल्या, "नाही साहेब. नुसतं गोल फिरून राह्यलं."

आवाज मैदानभर गेला. लोक हसले. साहेबही हसले, कारण फोटो चालू होते. बंटीभाऊ हसला नाही. त्यानं ताईंच्या कोपराला धरून त्यांना मागं नेलं आणि तेव्हापासून त्यांचं नाव लक्षात ठेवलं.

नंतरचे दिवस आठवले की मला हसू येतं, आणि हसल्याची लाजही वाटते. साईट दिवसातून कधीतरी अर्धा-पाऊण तास उघडायची. लोक सकाळी सातपासून रांगेत बसायचे, आणि ती उघडली की ताई खिडकीतून ओरडायच्या, "चला, जागी झाली." नाव इंग्रजीत टाकायचं, मराठी साईट स्वतः करायची. काळ्यांचे कले झाले, गीतेबाईंची गिट्टी झाली. वामनराव म्हणून सत्तरीचे एक गृहस्थ होते. साईटनं त्यांच्या इंग्रजी नावातलं एक अक्षर परस्पर दुरुस्त करून त्यांना 'वुमन' केलं आणि लिंगाच्या रकान्यात स्त्री लिहून टाकलं. त्यांना महिनाभर गरोदरपणातल्या तपासणीचे मेसेज येत राहिले. ते रोज मोबाइल घेऊन यायचे आणि गंभीरपणे विचारायचे, "आज तिसरा महिना सांगून राह्यली, काय करू?"

सगळ्यात मोठी चूक मात्र गावाची होती. चिखली नावाचं एक गाव पुण्याकडंही आहे, आणि साईटनं आम्हाला उचलून तिकडं ठेवलं होतं. कार्ड निघालं की मागं जवळच्या दवाखान्यांची यादी यायची, ती सगळी पुण्याची. ताईंनी पहिल्याच दिवशी ही चूक पकडली. तक्रार करायची तर ती साईटवरच करायची, आणि तक्रारीच्या पानाला पासवर्ड लागायचा, जो कोणाजवळ नव्हता. मग ताईंनी घरी टाइपरायटर काढला, तीन प्रतींत पत्र केलं आणि एसटीनं बुलडाण्याला जाऊन जिल्ह्याच्या ऑफिसात दिलं. तिथला आवक-जावकचा बाबू त्यांचा विद्यार्थी, त्यानं उभं राहून शिक्का मारला. पत्र त्या शिक्क्यापुढं कुठं गेलं नाही. ऑफिसनं सांगितलं, कंपनीचं पत्र आणा. कंपनीनं सांगितलं, ऑफिसचं आणा. ताई सात वेळा बुलडाण्याला जाऊन आल्या.

बंटीभाऊ रोज सकाळी एक चिठ्ठी पाठवायचा, पंधरा-वीस नावांची, ही आधी घ्या म्हणून. ताई ती चिठ्ठी पेपरवेटखाली ठेवायच्या आणि चिठ्ठी आणणाऱ्याला म्हणायच्या, "रांग तिथं पाणपोईपाशी संपते. तिथं उभं राहा." मग वरून फोन यायचा. साईट चालत नसताना ताई खिडकीवर 'साईट बंद आहे' अशी पाटी लावायच्या. साहेबांचा दौरा होता तेव्हा बंटीनं ती काढून छापील पाटी लावली, 'तांत्रीक सुधारणा सुरू.' दौरा आटपल्यावर मी पाहिलं, तर त्यातली री ताईंनी लाल पेनानं ऱ्हस्व केली होती. पाटी तशीच राहू दिली. बहुधा तेव्हाच त्या थकायला लागल्या होत्या.

अशा दिवसांत शकूरभाई पिंजारी आले. बसस्टँडकडं गाद्या भरायचं त्यांचं दुकान. बायको जैबून, पंचेचाळीसच्या आसपासची, चार पावलं चालली की धाप लागायची. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, हृदयाची झडप बदलावी लागेल आणि फार थांबता येणार नाही. योजनेत हे ऑपरेशन बसत होतं. योजनेशिवाय ते शकूरभाईंच्या आवाक्यातलं नव्हतं.

आधारवर नाव जैबून, रेशनकार्डावर जेबून. साईट म्हणाली, दोन वेगळ्या बाया आहेत. ताईंनी प्रतिज्ञापत्र करवलं, रेशनकार्ड दुरुस्त करवलं, प्रत्येक कागद स्वतः तपासला. या सगळ्यात दोन महिने गेले. जैबूनबी रोज नवऱ्याबरोबर यायच्या आणि खिडकीसमोरच्या बाकावर बसायच्या. ताईंचा हात हवेत गेला की त्या तोंडाला पदर लावून हसायच्या. "ताई, तुमचं पाखरू उडालं," म्हणायच्या. हसल्या की त्यांना धाप लागायची, आणि मग ताई ओरडायच्या, "हसू नका म्हनलं ना तुमाले." दोन-चार दिवसांनी माझ्या ध्यानात आलं, त्या समोर असल्या की ताई दांडा मुद्दाम जरा जास्तच ढकलतात.

कार्ड निघालं. ऑपरेशनच्या मंजुरीसाठी अर्ज गेला आणि तिसऱ्या दिवशी परत आला. कारण लिहिलं होतं, अकोल्याचं रुग्णालय आपल्या परिसरात नाही. पुण्याला जा.

"पुण्याले कशी नेऊ?" शकूरभाई म्हणाले. "ती इथवर येते तेच थांबून थांबून."

ताई पुन्हा बुलडाण्याला गेल्या. या खेपेला मीही रजा टाकून सोबत गेलो. ऑफिसातल्या लोकांनी नीट ऐकून घेतलं, खुर्ची दिली. एक अधिकारी म्हणाले, "मॅडम, तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. पण नकाशा बदलायचा अधिकार आम्हाला नाही." परतीची बस चिखलीला आल्यावर ताई म्हणाल्या, "सुरडकरभाऊ, बरोबर आहे म्हणतात अन् करत नाहीत. चूक आहे म्हनले असते तर भांडता तरी आलं असतं."

शेवटी शकूरभाई कोणाच्या तरी सांगण्यावरून बंटीभाऊकडं गेले. बंटी वाईट माणूस नव्हता. त्यानं जैबूनबींकडं पाहिलं आणि समोरच फोन लावला. दुसऱ्या दिवशी साईटवर त्यांच्या अर्जापुढं हिरव्या अक्षरांत आलं, 'विशेष शिफारस'. शकूरभाईंनी पेढे आणले. ताईंनी पेढा हातात धरून स्क्रीन दोनदा वाचली.

त्या हिरव्या अक्षरांचा अर्थ कळायला आम्हाला पंधरा दिवस लागले. पुढाऱ्यांच्या शिफारशी आल्या की त्यांच्यासाठी साईटवर वेगळा रकाना केलेला होता. अर्ज साध्या रांगेतून निघून त्या रकान्यात जायचा. तो रकाना उघडायचा अधिकार कोणाला द्यायचा, यावरून साहेबांच्या ऑफिसात आणि मंत्रालयात वाद होता, म्हणून तो कोणालाच दिलेला नव्हता. अर्ज आत जात होते. बाहेर एकही येत नव्हता. ताईंनी जैबूनबींचा अर्ज साध्या रांगेत परत आणायची खटपट केली. साईट म्हणाली, या नावाचा अर्ज आधीच दाखल आहे.

सोयाबीन निघायच्या दिवसांत एका दुपारी जैबूनबी गेल्या. बाजेवर बसून भाजी निवडत होत्या, तिथंच. ताईंनी खिडकी बंद केली. समोर रांग असताना त्यांना कधी खिडकी बंद करताना मी पाहिलं नव्हतं. आम्ही दोघं गेलो. ताई आत बायकांमध्ये जाऊन बसल्या. मी बाहेर शकूरभाईंजवळ उभा राहिलो. ते पिंजलेल्या कापसाचे तुकडे सदऱ्यावरून एकेक करून काढत होते.

तीन आठवड्यांनी बंटीभाऊ दवाखान्यात आला. योजनेचा तिसरा वर्धापनदिन जवळ आला होता. त्याच्या हातात यादी होती.

"ताई, थे जैबूनबी पिंजारी तुमच्याच इथल्या ना? त्यायले स्टेजवर आणाचं हाये. साहेब साडी देणार."

फळीपलीकडचा कीबोर्ड थांबला.

"काऊन?" ताईंनी विचारलं.

"ऑपरेशन झालं ना त्यायचं. साईटवर हाये. शिफारशीतले सगळे निपटवले वरून. वर्धापनाच्या आधी एकही पेंडिंग नको, असा आदेश होता."

ताईंनी जैबूनबींचं पान उघडलं. मीही उठून गेलो. पान खरंच होतं. शस्त्रक्रिया पूर्ण. पुण्याच्या कोण्या दवाखान्याचं नाव, दाखल झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख. दाखल झाल्याची तारीख जैबूनबींच्या दफनानंतर चार दिवसांची होती.

"बंटी," ताई म्हणाल्या, "बाई मेली."

बंटीचा चेहरा खरोखर उतरला. त्यानं यादीतल्या त्या नावावर बोट ठेवलं. मग हळू म्हणाला, "मंग दुसरी कोनी सांगा. अन् खाली तुमचा अंगठा लागते, पडताळणीचा. तेवढा देऊन टाका. सगळ्याच तालुक्यांनी देला हाये."

"नाही देणार."

"ताई, तुमचं कंत्राट मार्चमधी हाये."

"माहीत आहे मले."

मार्चमध्ये त्यांचं कंत्राट वाढलं नाही. त्यांच्या जागी आलेल्या मुलीनं पहिल्याच दिवशी सगळे अंगठे देऊन टाकले, तिला कशाचे ते ठाऊकही नव्हतं. फळीपलीकडं आता आवाज येत नसे. मला औषधं मोजताना चुका व्हायला लागल्या.

मग निवडणूक झाली, साहेब पडले, दुसरे साहेब आले. पहिल्यांचा फोटो कार्डावर होता म्हणून सगळी कार्डं रद्द झाली. लोक पुन्हा सकाळी सातपासून रांगेत बसले. नवी साईट आली, नवी कंपनी आली, रंग बदलला. आम्ही अजून पुण्याजवळच होतो. जुन्या साईटवरच्या खोट्या नोंदींची चौकशी मात्र लागली, कारण ती पहिल्या साहेबांच्या विरोधात होती. चौकशीचे अधिकारी आले, आणि कोणीतरी ताईंचं नाव सांगितलं.

ताई दवाखान्यात आल्या, टाइप केलेली यादी घेऊन. सदतीस नावं. नाव, गाव, साईटवर काय लिहिलं आहे, खरं काय आहे. एकही खाडाखोड नाही. साक्षीदार म्हणून सही करायला मला बोलावलं. मी यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. जैबूनबींचं नाव नव्हतं.

ताईंच्या हातून नाव सुटणं अशक्य होतं. मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. मी सही केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. तीन वर्षं शेजारी बसून मी त्यांचं घर पाहिलेलं नव्हतं. क्लासचीच ती जागा, पुढची खोली रिकामी, मागं स्वयंपाकघर. ताईंनी मला बसायला सांगितलं आणि विचारायच्या आधीच म्हणाल्या, "चुकून नाही राह्यलं."

मी भिंतीशी टेकून बसलो.

"शकूरभाई आले होते," त्या म्हणाल्या. "चौकशी लागली तेव्हा. ती नोंद मीच त्यायले वाचून दाखवली होती. त्यायले वाटलं, आता मी तिचं नाव देणार. म्हनले, ताई, सगळ्या दुनियेत एकच जागा हाये जिथं ती बरी होऊन घरी आली. तेवढी नका मिटवू."

त्या पदराच्या टोकाला गाठ मारत होत्या, सोडत होत्या.

"खोटी नोंद आहे ती, सुरडकरभाऊ. ज्यायनं केली, त्यायले शिक्षा व्हायला पाहिजे. सगळ्यात पक्का पुरावा तोच होता, दफनाची तारीख आहे त्याच्यात. मले समजते. रातभर कागद यंत्रात लावून बसली होती. नाही टाइप झालं माह्याच्यानं."

बाहेर सायकल थांबली. शकूरभाई आत आले, मला पाहून जरा बिचकले, मग दाराजवळच्या खुर्चीवर बसले. ती खुर्ची बहुधा त्यांचीच होती. ओट्यावर आधीपासून दोन कप मांडलेले होते. ताईंनी तिसरा काढला. चहा होईपर्यंत दोघं गल्लीतल्या नळाबद्दल, कापसाच्या भावाबद्दल बोलले. रोजचं बोलणं वाटलं मला.

चहा झाल्यावर शकूरभाईंनी खिशातून मोबाइल काढून ताईंना दिला. "पाहा ना, आज खुलते काय."

जुनी साईट महिनाअखेर कायमची बंद होणार, असं पेपरात आलं होतं. ताईंनी कार्डाचा नंबर टाकला. नंबर त्यांना पाठ होता. गोल फिरत राहिलं. पडताळणीचा आकडा आला तोवर वेळ संपली होती. दुसऱ्यांदाही तसंच झालं. आम्ही तिघं त्या एवढ्याशा स्क्रीनकडं पाहत बसलो. तिसऱ्या खेपेला पान उघडलं.

शकूरभाईंना उर्दू वाचता येतं, मराठी वाचता येत नाही. ताईंनी चष्मा लावला आणि वाचलं.

"लाभार्थी, जैबून शकूर पिंजारी. शस्त्रक्रिया पूर्ण. रुग्णाची प्रकृती समाधानकारक. रुग्णास घरी सोडण्यात आले."

"घरी," शकूरभाई म्हणाले.

"हाव. घरी."

शकूरभाई अगदी हळू म्हणाले, "फिर एक बार, ताई."

शोभाताईंनी पान वर सरकवलं आणि पहिल्या शब्दापासून पुन्हा वाचायला लागल्या.